हौशी मोटारवाल्याचें तत्त्वज्ञान

वाङ्मयाच्या मासिकांत मोटारीच्या दुरुस्तीचा विषय कशाला, असें आमच्या वाचकांपैकीं कांहीं रसिक विचारतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, ज्या विषयावर माणसें हिरीरीनें वाद घालतात, ज्यासाठीं पदरचा पैसा आणि रविवारची विश्रांति खर्च करतात, आणि ज्याचें एक स्वतंत्र तत्त्वज्ञान त्यांनीं मनाशीं रचलें आहे, तो विषय टीकाकाराला परका मानतां येत नाहीं. कवीच्या मतांची आम्ही परीक्षा करतों, समाजसुधारकाच्या मतांची करतों. मग हौशी मोटारवाल्यानेंच आमचें काय घोडें मारलें आहे?

हौशी मोटारवाला म्हणजे नुसता मोटारीचा मालक नव्हे. मालकाला मोटार हवी असते ती कोठें तरी पोंचण्यासाठीं. हौशी गृहस्थाला ती उघडून पाहण्यासाठींहि हवी असते. प्रवासाला निघतांना त्याच्या डिकींत कपड्यांच्या आधीं पान्यांचा संच जातो. त्याचीं मतें साधारणपणें तीन सूत्रांत सांगतां येतील. पहिलें सूत्र : जें यंत्र तुम्हांला उघडतां येत नाहीं, तें तुमचें नव्हे. दुसरें : भाड्याच्या हातापेक्षां मालकाचा हात बरा. तिसरें : जुनी मोटार तीच खरी मोटार; हल्लींच्या गाड्या म्हणजे चाकांवर बसविलेलीं कुलुपबंद कपाटें. हीं सूत्रें आम्हीं अनेकांच्या तोंडून ऐकलीं आहेत. त्यांत सत्य किती आणि हौस किती, हें पाहण्याचा येथें विचार आहे.

अशा मतांची परीक्षा दिवाणखान्यांत होत नाहीं. ती रस्त्यावर व्हावी लागते. म्हणून आम्ही नसरापूरची जागा निवडतों. पुण्याहून सातारच्या रस्त्यानें सुमारें ३५ किलोमीटरांवर चेलाडीचा फांटा लागतो. तेथून पश्चिमेस वळलें कीं नसरापूर, बनेश्वराचें देऊळ, आणि पुढें वेल्हें, राजगड व तोरणा. हमरस्त्यानें तसेंच पुढें गेलें तर कापूरहोळाहून भोरचा फांटा फुटतो आणि भोरपलीकडे वरंध घाट येतो. उत्तरेस कात्रज, दक्षिणेस खंबाटकी आणि कोंकणाच्या बाजूस वरंध, असे तीन घाट आणि मध्यें हा मुलूख. वडापच्या जीपा, भाताचीं पोतीं वाहणारे टेंपो, गड चढायला निघालेल्या तरुणांच्या मोटारसायकली आणि बंगळूरकडे जाणारे अवजड ट्रक, सर्वांना येथूनच जावें लागतें. यंत्राविषयीं कोणी कांहीं सिद्धांत मांडला, तर तो खरा कीं खोटा हें येथें लवकर कळतें.

आतां पहिलें सूत्र घेऊं. त्यांत मोठा सत्यांश आहे, हें आधींच कबूल केलें पाहिजे. ऑगस्ट २०१४ मध्यें भारतीय स्पर्धा आयोगानें १४ मोटार-उत्पादकांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. दोष असा कीं, सुटे भाग, दुरुस्तीच्या माहितीचीं पुस्तकें आणि बिघाड शोधण्याचीं उपकरणें स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मोकळेपणानें मिळूं दिलीं जात नव्हतीं. पुढें अपिलें झालीं, तो भाग वेगळा. पण हौशी गृहस्थाची तक्रार केवळ कुरकुर नव्हती, एवढें त्या निकालानें ठरलें. २०२२ सालीं केंद्र सरकारच्या ग्राहक-व्यवहार विभागानें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं समिती नेमली, आणि तिच्या कक्षेंत मोटारींबरोबर शेतीचीं यंत्रेंहि घेतलीं. हें योग्यच झालें. वेल्ह्याकडील शेतकऱ्याचा ट्रॅक्टर भाताच्या चिखलणींत अडला, तर शहरांतील अधिकृत केंद्राचा माणूस येईपर्यंत पाऊस कांहीं थांबून राहत नाहीं.

परंतु हक्काची गोष्ट बोलतां बोलतां आमचा हौशी मित्र दोन सीमा नकळत ओलांडतो. पहिली सीमा दुरुस्ती आणि फेरफार यांच्यामधली. झिजलेला भाग बदलणें ही दुरुस्ती. कर्कश सायलेन्सर बसविणें किंवा गाडीचा सांगाडाच पालटणें हा फेरफार. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमानें मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल करण्यास बंधन घातलें आहे, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तें बंधन उचलून धरलें. यांत मालकीचा अपमान झाला असें मानण्याचें कारण नाहीं. रस्ता मालकाचा नसतो.

दुसरी सीमा याहून नाजूक आहे. आमच्या एका स्नेह्यांनीं ब्रेकचें तेल स्वतः बदललें. काम सफाईनें केलें, नळींत हवा राहूं दिली नाहीं, सर्व कांहीं पुस्तकाबरहुकूम केलें. फक्त तेलाची बाटली वर्षभर अर्धी उघडी पडलेली होती. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट-३ जातीचें कोरडें तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाहीं; तेंच ओलावा शोषून घेतल्यावर १४० अंशांच्या आसपास उकळूं शकतें. उकळलें कीं वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलें जात नाहीं, वाफ दाबली जाते. आणि पेडल पायाखालीं नुसतें खालीं बसतें. नसरापुरास दोन दिवस स्नेह्यांची गाडी झकास चालली. परत पुण्यास येतांना नव्या कात्रज बोगद्यापुढच्या लांब उतारावर ब्रेक तापले आणि पेडल बसूं लागलें. दुसऱ्या गिअरवर गाडी आवरली गेली, म्हणून ही हकीकत सांगायला ते उरले. याच उतारावर नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ रोजीं एका अवजड वाहनामुळें झालेल्या अपघातांत अनेक वाहनांचें नुकसान झालें होतें, हें पुणेकरांस सांगावयास नकोच.

तेव्हां आमच्या मतें पहिलें सूत्र थोडें सुधारून घेतलें पाहिजे. कोणता भाग स्वतः उघडावा आणि कोणता उघडूं नये, हें चुकीची किंमत कोण देणार यावर ठरवावें. प्लग, हवेची जाळी, बॅटरीचीं टोकें, पट्टा, रेडिएटरचें पाणी, चाक बदलणें, यांत चूक झाली तर खोळंबा बहुधा मालकाचाच होतो. तेथें त्यानें निःशंक हात घालावा, नव्हे घातलाच पाहिजे. ब्रेक आणि स्टिअरिंग यांतली चूक पुढच्या गाडींत बसलेल्या अनोळखी माणसाच्या अंगावर जाते. तेथें हात घालायचा तर आधीं जाणत्याच्या हाताखालीं शिकावें, आणि काम झाल्यावर तें त्याला दाखवावें.

दुसऱ्या सूत्राकडे वळतांना आम्हांस थोडा संकोच होतो, कारण त्याचा उगम चांगल्या गोष्टींत आहे. सुशिक्षित मराठी माणसानें पिढ्यान् पिढ्या हातकामाला कमी लेखलें. त्या समजुतीला धक्का देणारीं माणसें आपल्याकडे झालीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ मध्यें बेळगांवांत सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली आणि पुढें १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनीं १९४९ सालीं 'मीरा' नांवाच्या छोट्या मोटारीचा पहिला नमुना तयार केला आणि पुढें सत्तरीच्या दशकापर्यंत ते नमुने सुधारीत राहिले; ती गाडी कारखान्यांतून बाजारांत मात्र आली नाहीं. सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे येथल्या एका कारागिरानें भंगारांतल्या भागांची, लाथ मारून सुरू होणारी चारचाकी बनविली, आणि २०२२ च्या आरंभीं एका प्रख्यात उद्योगपतींनीं तिच्या बदल्यांत त्याला नवी गाडी दिली. हौशी मोटारवाला स्वतःला याच परंपरेचा वारस समजतो, आणि कांहीं अंशीं तो आहेहि.

पण 'भाड्याचा हात' या शब्दांत जो तुच्छतेचा सूर आहे, तो या परंपरेशीं विसंगत आहे. हमरस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्यें जो उस्ताद बसतो, त्याचा हात भाड्याचा खरा. पण तो शिकलेला हात आहे. हौशी गृहस्थानें एक मोटार शंभर वेळां उघडलेली असते. उस्तादानें शंभर मोटारी उघडलेल्या असतात. पहिल्याला आपल्या गाडीचा स्वभाव कळतो, दुसऱ्याला बिघाडाची जात कळते. उस्तादाला दिवसाकांठीं पोट भरायचें असतें, म्हणून तो साफ करून चालणारा भागहि कधीं बदलून मोकळा होतो. हौशी माणसाजवळ वेळ असतो, म्हणून तो कारणाच्या मुळाशीं जाऊं शकतो. हे दोघे प्रतिस्पर्धी नव्हेत. एकाजवळ अनुभव आहे आणि दुसऱ्याजवळ सवड. आणि ज्ञानाला दोन्ही लागतात.

तिसरें सूत्र तर निव्वळ स्मरणरंजन आहे, असें आम्हांस वाटतें. कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, कोणासहि उघडतां येई हें खरें. पण ती वारंवार उघडावी लागे, हेंहि तितकेंच खरें. घाट चढून आल्यावर इंजनाच्या उष्णतेनें पेट्रोलची नळींतच वाफ होई, पंपाला ती ओढतां येत नसे आणि गाडी जागच्या जागीं थबके. मग खालीं उतरून पंपावर ओलें फडकें ठेवायचें आणि झाडाखालीं वाट पाहायची! हल्लीं पंप टाकींतच बुडविलेला असतो आणि तो पेट्रोल दाबानें पुढें ढकलतो. तो बिघाड जवळजवळ नाहींसा झाला. धुराचे नियमहि एप्रिल २०२० पासून इतके कडक झाले आहेत कीं, जुन्या कार्बोरेटरला ते पाळणें अशक्य. जुन्या मालकाला जें ज्ञान होतें तें गरजेनें आलेलें होतें. गरज सरली, तशी त्याची आठवण गोड झाली. येथें एकच तक्रार शिल्लक राहते, आणि ती रास्त आहे. नव्या यंत्राचा बिघाड हाताला किंवा कानाला कळत नाहीं. तो आंकड्यांच्या खुणेनें कळतो, आणि ती खूण वाचण्याचें साधन व तिचा अर्थ सर्वांना मिळाला पाहिजे. म्हणजे जुन्या काळाचा मोह सोडला, तर तिसरें सूत्रहि शेवटीं ज्ञान उघडें करण्याच्या मागणीवरच येऊन थांबतें.

आणि येथें हा विषय आमच्या मासिकाचा होतो. ज्ञान उघडें होतें तें भाषेंतून. इंग्रजींत दुरुस्तीचें वाङ्मय आहे. जॉन हेन्स यांनीं १९६६ सालीं आपलें पहिलें दुरुस्ती-पुस्तक काढलें. मोटार स्वतः सुटी करून पुन्हा जोडायची आणि मगच लिहायचें, ही त्यांची रीत. जॉन म्यूर यांनीं १९६९ सालीं फोक्सवॅगनवर पुस्तक लिहिलें तें अगदीं अजाण माणसासाठीं, असें तें मुखपृष्ठावरच सांगतें. १९७४ सालीं रॉबर्ट पर्सिग यांनीं 'झेन अँड दि आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' या ग्रंथांत एका तुटलेल्या क्षुल्लक खिळीवरून निष्काळजीपणाचें सगळें तत्त्वज्ञान उभें केलें. या पुस्तकांचें गद्य चांगलें आहे, आणि तें अलंकारांनीं नव्हे. त्यांत प्रत्येक वस्तूला तिचें नांव आहे, प्रत्येक क्रियेला तिचा क्रम आहे, आणि वाचक कोठें चुकेल हें लेखकानें आधीं ताडलेलें आहे. ज्या वाक्यानें वाचकाच्या हातून नटाचे आटे जातात, तें वाक्य वाईट. इतकी कठोर कसोटी आमच्या कथालेखकांनाहि कधीं लागत नाहीं.

मराठींत काय आहे? विद्यार्थ्यांसाठीं लिहिलेलीं पाठ्यपुस्तकें आहेत, आणि त्यांचा उपयोगहि आहे. पण त्यांची भाषा बहुधा परीक्षेची असते. 'अमुक भागाचें निरीक्षण करण्यांत यावें' असें तीं सांगतात. काय दिसलें म्हणजे काय समजावें, तें राहून जातें. याउलट उस्तादाची बोली पाहा. पाना, आटे, वॉयसर, डिकी, हे शब्द तेथें रोज वापरले जातात. 'स्टेपनी' हा शब्द १९०४ सालीं वेल्समधील लानेली गांवच्या एका जादा चाकावरून निघाला. तो तेथें आतां फारसा ऐकूं येत नाहीं, पण आमच्या खेड्यांत मराठी होऊन राहिला आहे. बनेश्वराच्या देवळांत पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. ती कोठून आली याचा विचार न करतां भाविक ती वाजवितात. शब्दांचेंहि असेंच आहे. वापरणाराचे ते होतात. ही सकस बोली छापखान्याच्या दारापर्यंत आलेली नाहीं, आणि जो हौशी मोटारवाला ती तेथें आणूं शकेल, तो लिहायला बसला कीं निम्में इंग्रजींत लिहितो.

आमची त्याला विनंति एवढीच आहे. पुढच्या रविवारीं पाना हातीं घेण्यापूर्वीं त्यानें उस्तादाजवळ तासभर बसावें, तो काय करतो आणि कां करतो हें विचारावें, आणि तें त्याच्याच शब्दांत पण नीट क्रमानें लिहून काढावें. मग तें लिखाण अजाण माणसाच्या हातीं देऊन, त्याला तेवढ्यावरून काम जमतें कीं नाहीं, तें पाहावें. जमलें नाहीं तर वाक्य बदलावें. उस्तादाचें ज्ञान त्याच्या हाताबरोबर नाहींसें होतें. कागदावर आलें तर तें उरेल. चेलाडीच्या फांट्यावर रात्रीं अडकलेल्या माणसाला त्यामुळें दोन गोष्टी कळतील : कशाला हात घालावा, आणि कशाला न घालतां स्वस्थ थांबून राहावें. मालकीचा अर्थ आमच्या मतें इतकाच आहे, आणि तेवढा साधला तर हौशी मोटारवाल्यानें मराठी गद्याची मोठी सेवा केली, असें आम्ही आनंदानें लिहूं.