कोटाबाहेरचं कच्छ

कच्छमधल्या हडप्पाकालीन धोलावीराचा विषय निघाला की बोलणं त्या दहा चिन्हांच्या फलकाकडे वळतं. गडाच्या उत्तर दरवाजापाशी सापडलेली, जिप्समचे तुकडे जुळवून घडवलेली ती चिन्हं अजून कुणाला वाचता आलेली नाहीत. मला मात्र तिथल्या पाण्याचं नवल अधिक वाटतं. खडीर बेटावर बारमाही नदी नाही, भोवती खारं रण, पाऊस बेभरवशाचा. तरीही मनसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांना बांध घालून पाणी अडवलं, दगडी तलावांत साठवलं आणि त्याच्या बळावर एक नगर शतकानुशतकं नांदलं.

जगत पती जोशींनी 1967-68 मध्ये ही जागा नोंदवली, रवींद्रसिंह बिष्ट यांनी 1990 पासून पुढे दीड दशक ती खोदली. गड, मधलं नगर, खालचं नगर, तलावांची रांग हे सगळं आज डोळ्यांसमोर उभं राहतं ते या कामामुळे. 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत धोलावीराचं नाव आलं, ते रास्तच झालं.

पण कच्छचं पुरातत्त्व बराच काळ कोटाच्या भिंतीआडच अडकून राहिलं. कच्छमधल्याच सुरकोटडा या तटबंद जागेचं खोदकाम सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं, अहवाल छापून आला 1990 मध्ये. त्या जागेचं नाव गाजलं ते घोड्याच्या हाडांवरून. प्राण्यांच्या हाडांचे अभ्यासक शांडोर बोकोनी म्हणाले पाळीव घोडा, त्याच विषयातले रिचर्ड मेडो यांना ते पटलं नाही, आणि वाद अजून मिटलेला नाही. हा प्रदेश मुळात जगला तो गाईगुरांवर आणि शेळ्यामेंढ्यांवर. त्यांच्या हाडांना मात्र एवढं कौतुक कधी लाभलं नाही. या पार्श्वभूमीवर कानमेरचं काम मला मोलाचं वाटतं. उदयपूरचं विद्यापीठ, गुजरातचं पुरातत्त्व खातं आणि क्योतोची संशोधन संस्था यांनी 2005 पासून एकत्र खोदकाम केलं, धान्य आणि हाडांची तपासणी केली आणि 2012 मध्ये अहवाल वाचकांच्या हाती दिला. खोदकाम झाल्यावर किती वर्षांत ते छापून येतं, ही कसोटी मी फार वरची मानतो.

गेल्या काही वर्षांत कच्छबद्दलची समजूत हलवली ती जुना खटिया गावाजवळच्या दफनभूमीने. केरळ विद्यापीठाच्या अभ्यासकांना तिथे शेकडो थडगी आढळली, आणि त्यांचा आरंभ धोलावीराच्या भरभराटीआधीचा. जवळच पडता बेट इथे वस्तीच्या खुणाही मिळाल्या. इथल्या भांड्यांचं सिंध-बलुचिस्तानकडच्या भांड्यांशी नातं आहे. म्हणजे भिंती उभ्या राहण्याआधी हा मुलूख माणसांनी भरलेला होता आणि त्यांची ये-जा रणापलीकडे होती. आज रणाच्या उत्तरेला सीमेचं कुंपण आहे. पलीकडे पाकिस्तानातल्या थरपारकरमध्ये नगरपारकरची जैन मंदिरं उभी आहेत, अलीकडे कच्छमध्ये भद्रेश्वरचं जैन मंदिर. एकाच सांस्कृतिक पट्ट्याचा अभ्यास दोन देशांत वाटला गेला आणि नकाशे रेषेपाशी येऊन थांबले. भांडी तरी दोन्हीकडच्या अभ्यासकांनी एका टेबलावर ठेवून पाहायला हवीत.

दुसरी उणीव आपल्याच हातची आहे. कच्छच्या बन्नी या गवताळ भागातले मालधारी, म्हणजे गुरं पाळणारे लोक, आजवर विरडे काढत आले आहेत. सखल जागी उथळ खड्डा घ्यायचा. जमिनीतल्या खाऱ्या पाण्यावर पावसाचं गोडं पाणी हलकं म्हणून तरंगत राहतं, तेवढंच अलगद उपसायचं. आपल्याकडे नदीच्या वाळूत झिरा काढतात, त्याच घराण्यातली ही विद्या. मात्र खाऱ्या जमिनीत ती फार जपून वापरावी लागते. जागा कुठली, किती खोल जायचं, उपसा कुठे थांबवायचा, हे सगळं या माणसांना ठाऊक असतं. विरडा मागे भिंत ठेवत नाही, म्हणून उत्खननाच्या अहवालात त्याला जागा मिळत नाही. खडीरच्या तलावांचा अर्थ लावणाऱ्याने ही माहिती मालधाऱ्यांकडून नोंदवून घेतलीच पाहिजे.

भुजहून खावड्यामार्गे धोलावीराला निघालात तर वाटेत बन्नीत थांबा. एखाद्या मालधाऱ्याला विरडा दाखवायला सांगा, त्याचं पाणी चाखा, आणि मग ते तलाव पाहा.