शिळ्या पानाचे वय

ठरावीक वेळाने एखादे वेबपान आपोआप आणणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रिप्ट, आम्ही नोंदी गोळा करायला वापरतो. एका पावसाळ्यात धरणाच्या पाणीपातळीचा आमचा आलेख सहा तास अगदी सपाट आला. पातळी स्थिर आहे, असा निष्कर्षही आम्ही काढून बसलो. पाणी मात्र चढत होते! त्या पानाला एक दिवसाची मुदत लावलेली होती, त्यामुळे स्क्रिप्टला दर खेपेस मधल्या सर्व्हरच्या साठ्यातले, म्हणजे कॅशमधले, तेच पान मिळत होते. उत्तरावर शेरा '२००', म्हणजे सर्व ठीक.

या साठवणीचे नियम जून २०२२ च्या 'आरएफसी ९१११' या दस्तऐवजात आहेत. रॉय फील्डिंग, मार्क नॉटिंगहॅम आणि जूलियन रेश्के यांचे हे लेखन काटेकोर आहे. पान किती वेळ ताजे मानायचे ते 'मॅक्स-एज' सांगते. साठ्यातून दिलेल्या उत्तरावर त्याचे वय 'एज' या ओळीत सेकंदांत लिहायचे असते. तेवढी ओळ आम्ही वाचली असती, तर चूक पहिल्या एकदोन तासांतच सापडली असती.

तरीही आमचे तीन आक्षेप आहेत. पहिला नावावर. 'नो-कॅश' म्हणजे साठवू नका, असे कोणालाही वाटेल. सर्व्हरने तसे लिहिले, तर अर्थ असतो: साठवा, पण मूळ सर्व्हरला विचारल्याशिवाय वापरू नका. साठवूच नका, यासाठी 'नो-स्टोअर' हा वेगळा शब्द आहे. दुसरा: मुदत लिहिलेलीच नसेल तर साठा अंदाज बांधू शकतो. पान शेवटचे बदलून जितका काळ लोटला, त्याच्या १० टक्के हे नेहमीचे प्रमाण. दहा दिवसांपूर्वी बदललेले पान मग आणखी एक दिवस ताजे! तिसरा आक्षेप गंभीर आहे. २०१४ च्या आवृत्तीत 'हे उत्तर शिळे आहे' असे सांगू शकणारी 'वॉर्निंग' ही ओळ होती. ती फारशी कोणी पाठवत नाही आणि 'एज'सारख्या ओळींवरून तेच कळते, म्हणून ती रद्द झाली. पण नुसते वय सांगणे म्हणजे शिळेपणाचा इशारा देणे नव्हे.

पत्त्याच्या शेवटी दर वेळी नवा आकडा जोडा, असा उपाय बरेच जण सुचवतात. त्याने पान बहुधा ताजे येते. पण दोष कुठे होता ते कळत नाही, आणि मूळ सर्व्हरवर विनाकारण भार पडतो. विद्यार्थ्यांना आम्ही इतकेच सांगू: वहीत आकड्याशेजारी पान आणल्याची वेळ आणि 'एज' दोन्ही लिहा. केव्हाचे ते ठाऊक नसेल, तर ते निरीक्षणच नव्हे.