‘येतो’ या शब्दाचे भाषांतर

परभाषिकांस मराठी शिकविण्यासाठी काढलेली एक लहानशी त्रिभाषी पुस्तिका नुकतीच वाशी येथे आमच्या हाती आली. नित्याच्या बोलण्यातील वाक्ये आधी इंग्रजीत, मग हिंदीत व शेवटी मराठीत, अशी तिची मांडणी आहे. बाजारहाट, प्रवास, दवाखाना ही प्रकरणे कामापुरती बरी उतरली आहेत. निरोपाच्या प्रकरणाशी मात्र आम्ही थबकलो. ‘आता मी जातो’ असे वाक्य तेथे दिले आहे. व्याकरण निर्दोष, शब्दार्थ अचूक. परंतु कोणी हे वाक्य उच्चारून मराठी घराचा उंबरठा ओलांडू लागला, तर ‘जातो म्हणू नये, येतो म्हणावे’ असे घरातील आजीबाई म्हटल्यावाचून राहणार नाहीत.

‘ते गेले’ एवढे दोनच शब्द मराठीत मृत्यूची वार्ता सांगण्यास पुरे होतात. म्हणून निघतेवेळी त्या क्रियापदाचा उच्चार टाळावयाचा. आपण नारळ फोडीत नाही, वाढवितो. बांगडीही फुटत नाही, वाढवते. त्याच जातीचा हा प्रयोग होय. निघणारा ‘येतो’ म्हणतो, राहणारा ‘या’ म्हणतो, आणि पाठ फिरण्यापूर्वीच पुढील भेट ठरून जाते. इंग्रजी ‘गुडबाय’ हा मूळचा ‘देव तुमच्याबरोबर असो’ या आशीर्वादाचा संक्षेप. तेथे जाणाऱ्यास देवाच्या हवाली केले आहे. आपल्याकडे तो स्वतःच परत येण्याची हमी देतो.

पुस्तिकेचे वाचक कोण, हे पाहिले म्हणजे ही चूक अधिकच खटकते. सिडकोची स्थापना १९७० साली झाली व खाडीपलीकडील आगरी-कोळी गावांच्या शेजारी हे नवे शहर उभे राहू लागले. १९९२ साली मानखुर्दहून वाशीपर्यंत लोहमार्ग आला, आणि आज येथे एकाच जिन्यावर चार प्रांतांची घरे नांदतात. यांतील तमिळ शेजारीण निघताना ‘पोयिट्टु वरेन्’, म्हणजे ‘जाऊन येते’, असे म्हणते. कन्नड गृहस्थाचे ‘होगि बर्तीनि’ तेच सांगते. गुजराती ‘आवजो’ म्हणून पुन्हा यावयास सांगतो. बंगाली तर नुसते ‘आसि’ म्हणतो, व ते अक्षरशः आपले ‘येतो’च. हिंदी भाषकही अशा वेळी ‘जाता हूँ’ टाळून ‘चलता हूँ’ म्हणतो. तात्पर्य, ‘येतो’ हा शब्द या मंडळींस शिकवावा लागलाच नसता, तो नुसता दाखविणे पुरे होते. पुस्तिकाकार इंग्रजीचे बोट धरून निघाले, आणि शेजाऱ्याच्या दारी जावयास विलायतेचा वळसा घालून आले!

‘प्लीज’ व ‘थँक्यू’ यांची गतही फारशी निराळी नाही. ‘कृपया’ व ‘धन्यवाद’ फलकावर शोभतात, स्वयंपाकघरात नव्हे. तेथील आर्जव ‘जरा’, ‘ना’, ‘द्याल का’ यांत असते. दाते-कर्वे यांच्या वाक्संप्रदाय कोशासारखे साधन मराठीत केव्हाच सिद्ध झालेले असता हा शब्दशः व्यवहार व्हावा, हे आम्हांस क्षम्य वाटत नाही.

मात्र सर्व दोष पुस्तिकाकारांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. आमच्याच घरातील मुले लिफ्टचे दार लागता लागता ‘बाय’ म्हणून मोकळी होतात, आणि आजीचे ‘या’ बाहेरच उभे राहते. दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा पुस्तिकाकारांनी इंग्रजी रकाना हाताने झाकून हे एक प्रकरण पुन्हा लिहावे, व एक प्रत आमच्याकडे अवश्य पाठवावी.