कॉन्चेर्टोतील एकलवादक: धनी की साथीदार?

आपल्या मैफलीत गायक मध्यभागी बसतो, तबलजी आणि पेटीवाला त्याच्या दोन बाजूंना. लय कोणाची, हा प्रश्न तेथे सहसा उद्भवत नाही. पाश्चात्त्य अभिजात संगीतातील कॉन्चेर्टो या रचनाप्रकारात मात्र तो पदोपदी उभा राहतो. एकीकडे एकटा वादक, दुसरीकडे भलामोठा वाद्यवृंद आणि त्या वृंदापुढे हाती छडी घेतलेला संचालक. त्यात बहुतेक सर्व स्वर रचनाकाराने आधीच लिहून ठेवलेले. मग एकलवादकाचे स्वतःचे असे काय उरते?

६ एप्रिल १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये हा प्रश्न भर सभेत विचारला गेला. ब्राम्सचा पहिला पियानो कॉन्चेर्टो वाजायचा होता. पियानोवर ग्लेन गूल्ड, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संचालक लेनर्ड बर्नस्टाइन. वादनापूर्वी बर्नस्टाइन श्रोत्यांसमोर आले. गूल्ड यांनी निवडलेली कमालीची विलंबित लय आपल्याला पूर्णपणे मान्य नाही, परंतु एवढा गंभीर वृत्तीचा कलावंत काही नवे सांगू पाहत असेल तर ते ऐकले पाहिजे, अशा आशयाचे मिस्किल भाषण त्यांनी केले. कॉन्चेर्टोत धनी कोण, वादक की संचालक, हा सवालही त्यांनीच टाकला. दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये हॅरल्ड शोनबर्ग यांनी गूल्ड यांची निर्भर्त्सना केली, हात चालत नाहीत म्हणून लय संथ, असेही सुचविले. हे विधान अन्यायाचे होते. गूल्ड यांच्या बोटांच्या चपळाईविषयी त्यांच्या बाखवादनाने तोवर कोणालाच शंका उरू दिली नव्हती.

गूल्ड यांचा आक्षेप वेगळाच होता. वादक आणि वृंद यांची जुगलबंदी, त्यातली ईर्षा त्यांना रुचत नसे. पियानोने वृंदात मिसळून जावे, असा त्यांचा आग्रह. आता ही विशिष्ट रचना पाहू. तिचा जन्मच मुळी कॉन्चेर्टो म्हणून झालेला नाही. आधी दोन पियानोंचा सोनाटा, मग सिम्फनी, अशी वळणे घेत ती येथवर आली. आरंभी वृंद तीन-साडेतीन मिनिटे गर्जत राहतो. एकलवादक हात मांडीवर ठेवून बसलेला! अखेर पियानो येतो तो हलक्या, आर्जवी स्वरात. पहिल्या भागात वादकाच्या कसबासाठी राखून ठेवलेली स्वतंत्र जागाही नाही. जानेवारी १८५९ मध्ये लाइपझिगच्या श्रोत्यांनी खुद्द ब्राम्सच्या वादनाला शुक्‌शुक् करून नापसंती दर्शविली, यात फारसे नवल नाही. चमत्कृतीच्या अपेक्षेने आलेल्यांच्या पदरी येथे फारसे काही पडत नाही.

दुसऱ्या भागाच्या हस्तलिखितावर ब्राम्सने मिस्सेतील ‘बेनेदिक्तुस’चे लॅटिन शब्द लिहिले होते. आपल्या वाचकांना त्या शब्दांची जागा सांगावी लागणार नाही. त्या मंद भागात पियानो एकटा बोलतो तेव्हाही तो मिरवत नाही. चर्चच्या माडीवर गायनवृंदातून एखादाच आवाज पुढे येतो आणि पुन्हा वृंदात विरून जातो, तसे ते असते.

म्हणून त्या दुपारच्या ध्वनिमुद्रणाविषयी माझे मत दुभंगलेले आहे. पहिल्या भागात गूल्ड यांची लय रचनेचा कणा वाकवते. वृंदाच्या गर्जनेतील धाप, धास्ती नाहीशी होते. पियानोचा तो पहिला प्रवेश आणि सबंध दुसरा भाग मात्र इतका आतून आलेला वाटतो की संथपणाचे भानही राहत नाही. येथे वादक धनी नाही आणि निव्वळ आज्ञाधारकही नाही. लिहिलेल्या स्वरांचा अर्थ कोणता, हे ठरविण्याचा हक्क तेवढा तो सोडत नाही. बर्नस्टाइन यांनी असहमती बोलून दाखविली हे मला गैर वाटत नाही, पण ऐकण्यापूर्वीच श्रोत्यांचे कान त्यांनी एका बाजूला झुकविले.

दोनच वर्षांनी, १९६४ मध्ये, गूल्ड यांनी जाहीर मैफली कायमच्या सोडल्या. पुढे १९८० च्या दशकात बर्नस्टाइन यांनी क्रिस्टियान त्सिमरमान यांच्यासह व्हिएन्ना फिलहार्मोनिकवर हाच कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित केला. तो जवळपास तितकाच संथ आहे.