एकाग्रता आणि वस्तुस्थिति

जिम कॉलिन्स या अमेरिकन लेखकाचा 'गुड टू ग्रेट' हा ग्रंथ २००१ सालीं प्रसिद्ध झाला. संस्था चालविणारे पुष्कळ लोक अद्यापि तो प्रमाणग्रंथासारखा वाचतात. म्हणून त्याचें परीक्षण आज करणें अप्रस्तुत ठरूं नये. सामान्य प्रतीची कंपनी असामान्य कशी होते, हा त्याचा विषय. ग्रंथकारानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १४३५ मोठ्या कंपन्या चाळून अकरा निवडल्या. पंधरा वर्षें शेअरबाजाराच्या बरोबरीनें किंवा मागें राहून पुढील पंधरा वर्षांत ज्यांनीं बाजाराच्या निदान तिप्पट फळ दिलें, त्या या कंपन्या.

ग्रंथांतील तत्त्वें अनेक आहेत. त्यांपैकीं आम्ही दोनच घेतों. अप्रिय वस्तुस्थितीला सामोरें जाणें हें एक, आणि एकाच गोष्टीवर चित्त ठेवणें हें दुसरें.

पहिल्याचें विवेचन हा ग्रंथांतील सर्वोत्तम भाग होय. किराणा मालाच्या दुकानांची ए अँड पी ही कंपनी एके काळीं प्रचंड होती. लोकांची आवड पालटूं लागली तेव्हां तिनें 'गोल्डन की' या निराळ्या नांवानें नव्या धर्तीचें एक दुकान काढून पाहिलें. गिऱ्हाइकांना तें आवडलें. म्हणजे उत्तर मिळालें. परंतु तें चालकांना रुचलें नाहीं, म्हणून त्यांनीं दुकानच बंद केलें! तेंच उत्तर क्रोगर कंपनीलाहि मिळालें होतें. तिनें जुन्या धर्तीचीं दुकानें एकामागून एक मोडलीं किंवा नव्यानें उभारलीं, आणि १९९९ पर्यंत त्या धंद्यांत ती देशांत पहिली झाली. ए अँड पीचा कारभार २०१५ सालीं आटोपला. अज्ञान निराळें आणि हातीं आलेल्या ज्ञानाचा अव्हेर निराळा, हा भेद इतक्या स्वच्छपणें दाखविणारा दाखला आम्हीं क्वचितच वाचला आहे.

दुसऱ्या तत्त्वासाठीं ग्रंथकारानें कोल्हा व कांटेरी हेजहॉग यांचें प्राचीन ग्रीक रूपक आयझाया बर्लिन यांच्या १९५३ च्या निबंधांतून उचललें आहे. बर्लिन यांना तें टॉल्स्टॉयच्या विचारासाठीं हवें होतें. येथें तें हिशेबाच्या वहीस जुंपलें आहे. असो. आमची हरकत रूपकाला नाहीं. एकाच युक्तीवर जगणारा हेजहॉग श्रेष्ठ, असें ग्रंथकार म्हणतो. पण ए अँड पी याहून दुसरें काय करीत होती? साधें दुकान, स्वस्त माल, या एकाच गोष्टीवर ती निष्ठेनें बसली होती. तिची एकाग्रताच तिला नडली. ही एकाग्रता वस्तुस्थितीवर आधारलेली नव्हती, असें उत्तर ग्रंथकार देईल. तें खरें, परंतु तें निकाल लागल्यावर सांगणें सोपें असतें. ऐन वेळीं निष्ठा कोणती आणि हट्ट कोणता, हें संस्थेंत कोणीं व कसें ओळखावें, याविषयीं ग्रंथ फारच थोडें बोलतो.

निवडलेल्या अकरांतील वेल्स फार्गो बँकेकडे पाहावें. बँकांवरील नियंत्रणें सैल झाल्यावर धंदा पूर्वीचा राहणार नाहीं, हें तिनें वेळीं ओळखलें म्हणून ग्रंथांत तिची स्तुति आहे. पुढें याच नांवाच्या बँकेनें प्रत्येक गिऱ्हाइकाला आठ प्रकारच्या सेवा विकण्याचें लक्ष्य धरलें. गिऱ्हाइकांच्या संमतीवांचून नोकरांनीं लाखों खातीं उघडल्याबद्दल २०१६ सालीं तिला साडेअठरा कोटि डॉलर दंड झाला. सुमारें ५३०० नोकर कामावरून गेले. १९९८ सालीं नॉरवेस्टशीं मीलन होऊन चालक बदलले होते, तेव्हां हा दोष ग्रंथकाराच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. तथापि येथें एकाग्रतेची उणीव खचित नव्हती. खालून येणारा आंकडा लक्ष्याशीं जुळत असतां तो खरा कीं खोटा हें विचारण्याची उत्सुकता वरिष्ठांत उरली नव्हती, इतकेंच.

याच यादींतील सर्किट सिटी २००८ सालीं दिवाळखोरींत गेली, आणि त्याच वर्षीं फॅनी मे सरकारच्या ताब्यांत आली. ग्रंथकाराच्या प्रामाणिकपणास शोभेल असें कीं, २००९ सालीं त्यानें थोर संस्थांच्या अधःपातावर निराळें पुस्तक लिहिलें व सर्किट सिटीची कथा त्यांत घातली. ज्यांना पहिला ग्रंथ घ्यावयाचा असेल त्यांनीं दुसराहि बरोबर घ्यावा, आणि आरंभ दुसऱ्यापासून करावा.