दीक्षाभूमीच्या छायाचित्रांतील निळा व पांढरा

रामदासपेठेपासून जवळच असलेली दीक्षाभूमी अशोक विजयादशमीला ज्या छायाचित्रांतून घरोघरी पोहोचते, त्यांपैकी अनेकांत निळा रंग प्रत्यक्षाहून गडद असतो. डिजिटल छायाचित्राचा ठरावीक भाग निवडून तेवढ्याचीच रंगसंपृक्तता वाढविण्याचा हा परिणाम होय. फोटोशॉपचा ‘स्पंज’ हेच करतो. लाइटरूममध्ये २००८ च्या आवृत्तीपासून ब्रशने ते सुलभ झाले.

हे तंत्र सर्व रंगांशी समान वागत नाही. संपृक्तता म्हणजे करड्यापासूनचे रंगाचे अंतर. शुद्ध पांढऱ्यात लाल, हिरवा व निळा यांची मूल्ये सारखीच, प्रत्येकी २५५ असतात. म्हणून संपृक्तता शून्य, आणि शून्याला कितीही गुणले तरी शून्यच. परिणामी ध्वज व आकाश उठून दिसतात, शुभ्र स्तूप आणि श्वेतवस्त्रधारी जनसमुदाय मागे पडतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसमवेत धम्मदीक्षा घेणारे अनुयायी पांढऱ्या वस्त्रांत आले होते. नेमका तोच रंग या साधनाला वाढविता येत नाही. निवड सैल राहिली तर वस्त्रांच्या सावलीतील निळसर झाक फुगते आणि कापडाला नीळ जास्त झाल्यासारखे वाटते.

पॉल हॅन्सन यांच्या गाझातील अंत्ययात्रेच्या छायाचित्रावर २०१३ मध्ये वाद झाला, तेव्हा तज्ज्ञांनी रंगछटांत स्थानिक बदल मान्य केले, मात्र प्रतिमा बनावट नसल्याचा निर्वाळा दिला. येथे तो निकष अपुरा आहे. दीक्षाभूमीच्या चित्रातून कोणालाही वगळलेले नसते. तरीही माणसांहून ध्वज मोठा होतो. आकाशाचा निळा किंचित उतरवून माणसांना पुढे आणण्याचा उलट मार्ग याच साधनात आहे. तो वापरलेला मात्र क्वचितच दिसतो.