बघणं आणि हलवणं : पॅनेलमधल्या एका डबीची समीक्षा



समीक्षा म्हटली की आपल्याला पुस्तकं, नाटकं, सिनेमे आठवतात. आज मी एका डबीची समीक्षा करणार आहे. पत्त्यांचे दोन कॅट एकावर एक ठेवावेत, एवढीच ती असते. कारखान्याच्या इलेक्ट्रिक पॅनेलमध्ये पट्टीवर खटकन बसते. सप्लायच्या दोन तारा, आरएस-४८५ च्या दोन तारा आणि एक नेटवर्कची केबल. आत छोटा प्रोसेसर. कुणी तिला गेटवे म्हणतं, कुणी कन्व्हर्टर, कुणी नेटवर्क कंट्रोलर. काम एकच : खाली मीटर, ड्राइव्ह, तापमानाचे सेन्सर यांच्याशी बोलायचं आणि ते बोलणं वर नेटवर्कवर पोचवायचं. भोसरीपासून बुटीबोरीपर्यंत एमआयडीसीत अशी डबी कुठेही भेटते.

ही डबी आपण घेतो ती माहितीपत्रक वाचून. किती पोर्ट, किती अंशांपर्यंत चालते, किंमत काय. आणि त्या पत्रकाचं मुख्य वचन असतं : तुमचं यंत्र कुठूनही बघा. माझं म्हणणं असं की, समीक्षा करायची तर याच वचनाची करायला हवी. त्यासाठी तीन प्रश्न पुरतात. ती जे दाखवते ते खरं आहे का? ती फक्त बघते का? आणि ती आंधळी झाली तर आपल्या हातात काय उरतं?

आधी थोडा इतिहास, कारण दोष कुठून आला ते त्याशिवाय कळत नाही. १९६८ च्या सुमारास अमेरिकेत डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रिलेंच्या भिंतीऐवजी प्रोग्रॅम करता येईल असा कंट्रोलर आणला. त्यातून मॉडिकॉन ही कंपनी उभी राहिली. या कंट्रोलरांनी आपसात बोलावं म्हणून १९७९ साली मॉडिकॉननं मॉडबस ही भाषा प्रसिद्ध केली. भाषा अगदी साधी. एक जण विचारणार, बाकीचे विचारल्यावरच बोलणार. प्रत्येकाला १ ते २४७ मधला एक क्रमांक. 'पाच नंबर, तुझा पहिला आकडा सांग.' पाच नंबर आकडा सांगतो. संपलं.

आता या भाषेत 'तू कोण?' असं कुणी विचारत नाही. पासवर्ड नाही, ओळख नाही. यावरून तिला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मला ते अन्यायाचं वाटतं. कारण तेव्हा ती तार पॅनेलमधून निघायची आणि त्याच शेडमधल्या दुसऱ्या पॅनेलला जायची. तारेपर्यंत पोचायचं तर गेटवरचा वॉचमन आणि पॅनेलची किल्ली ओलांडावी लागे. ओळख तपासायचं काम दार करत होतं, म्हणून भाषेनं ते केलं नाही. घरात आपण एकमेकांना ओळखपत्र मागतो का? तसंच ते.

१९९९ मध्ये हीच भाषा इथरनेटवर आली, मॉडबस टीसीपी म्हणून. पोर्ट क्रमांक ५०२. जुन्या संदेशापुढे सात बाइटचं एक पाकीट जोडलं, मागची चूक-तपासणी काढली, कारण ते काम आता खालचं नेटवर्क करतं. बाकी मजकूर तोच. म्हणजे घरातली भाषा, तीच, चव्हाट्यावर आली. माझी तक्रार भाषेवर नाही. घराची भिंत पाडणाऱ्या या डबीनं भिंतीचं काम स्वतःकडे घेतलं नाही, ही माझी तक्रार आहे.

आता पहिला प्रश्न. दाखवते ते खरं का?

मॉडबसमध्ये एक रजिस्टर म्हणजे सोळा बिट. ० ते ६५,५३५ मधला एक आकडा. त्याला एकक नाही, दशांश चिन्ह नाही, वेळ नाही. २५३ आला, तर तो २५.३ अंश आहे की २५३ व्होल्ट, हे त्या यंत्राच्या पुस्तिकेत बघावं लागतं. समजा, एखादं शीतगृह आहे. तापमान शून्याखाली एक अंश गेलं. सेन्सर दहा पटीत बोलतो, म्हणजे उणे दहा. डबी बसवणाऱ्यानं 'आकडा उणेही असू शकतो' ही खूण करायची राहिली, तर स्क्रीनवर दिसेल ६५५२.६ अंश. आपण हसतो, फोन करतो, दुरुस्त होतं. म्हणून मी म्हणतो, वेडा आकडा परवडला.

धोका शहाण्या दिसणाऱ्या आकड्याचा आहे. ब‍ऱ्याच डब्या खालच्या यंत्रांना एकामागून एक विचारत राहतात आणि उत्तरं स्वतःजवळच्या तक्त्यात ठेवतात. वरून कुणी विचारलं की तक्त्यातलं देतात. आता रात्री सेन्सरची तार निसटली. खरं उत्तर काय असायला हवं? 'ते यंत्र बोलत नाही.' मॉडबसच्या नियमांत यासाठी वेगळा त्रुटी-क्रमांकसुद्धा आहे, अकरा. पण काही डब्यांमध्ये सेटिंग असतं : यंत्र गप्प झालं तर शेवटचा आकडा धरून ठेवा. ते चालू असेल तर रात्रभर स्क्रीनवर उणे एक अंशच दिसणार. नेटवर्क जिवंत, दिवा हिरवा, आलेख सरळ रेषेत. आणि आत माल मऊ पडत चाललेला. इथं डबीनं खोटं सांगितलं असं म्हणता येत नाही. तिनं शिळं सांगितलं, आणि शिळं आहे हे सांगितलं नाही. वृत्तपत्रावर तारीख असते म्हणून कालचा पेपर आपण आजचा समजत नाही. या आकड्यावर तारीख नसते.

दुसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ही डबी फक्त बघते का?

मी दोन संदेश वाचून दाखवतो. जरा कंटाळवाणं आहे, पण ऐका. मॉडबस टीसीपीवर, एक नंबरच्या यंत्राला 'तुझ्या पहिल्या रजिस्टरपासून एक रजिस्टर वाचून दाखव' असं सांगायचं तर हे बारा बाइट जातात :

०० ०१ ०० ०० ०० ०६ ०१ ०३ ०० ०० ०० ०१

आणि त्याच यंत्राला 'तुझ्या पहिल्या रजिस्टरमध्ये एक हा आकडा लिही' असं सांगायचं तर :

०० ०१ ०० ०० ०० ०६ ०१ ०६ ०० ०० ०० ०१

फरक सापडला? आठवा बाइट. ०३ च्या जागी ०६. बाकी अकरा बाइट सारखेच. तीन म्हणजे वाच, सहा म्हणजे लिही. आता ते पहिलं रजिस्टर एखाद्या ड्राइव्हचं असेल आणि तिथं एक लिहिणं म्हणजे 'चालू हो' असेल, तर या एका बाइटमध्ये मोटर फिरते. समोर कुणाचा हात पट्ट्याजवळ आहे का, हे त्या बाइटला माहीत नसतं.

आपण डबी घेतली बघायला. मालकाला मोबाइलवर युनिट दिसावेत म्हणून. पण बघण्याचं दार आणि हात घालण्याचं दार एकच निघालं. त्यावर कडी लावायची सोय काही डब्यांत असते, 'फक्त वाचन' अशी. कारखान्यातून येताना ती लावलेली असेलच असं नाही. आणि बसवायला आलेला माणूस घाईत असतो. त्याला आकडे दिसले की काम झालं.

याचं फळ काय होतं, ते नोव्हेंबर २०२३ मध्ये दिसलं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातलं अलिक्विपा नावाचं गाव. तिथल्या पाणीपुरवठ्याच्या एका स्टेशनवर पाण्याचा दाब सांभाळणारा युनिट्रॉनिक्सचा छोटा कंट्रोलर होता. त्याचा ताबा बाहेरच्यांनी घेतला आणि पडद्यावर स्वतःचा संदेश झळकवला. नंतर अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेनं अशा कंट्रोलरांच्या मालकांना जे सांगितलं, ते ऐकण्यासारखं आहे : कारखान्यातून आलेला ११११ हा पासवर्ड वापरात नाही ना ते बघा, आणि कंट्रोलर उघड्या इंटरनेटवरून काढा. यात कुठली मोठी विद्या आहे? घराला कुलूप आहे, किल्ली पायपुसण्याखाली आहे आणि पायपुसणं कुठं आहे ते पुस्तिकेत छापलंय.

कडी असून उपयोग होत नाही, याचंही उदाहरण आहे. २०१७ मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल प्रकल्पात ट्रायकोनेक्स या सुरक्षा-कंट्रोलरवर हल्ला झाला. काही बिघडलं तर प्रकल्प सुरक्षितपणे बंद करायचा, हेच या कंट्रोलरचं काम. त्याच्यावर खरीखुरी किल्ली असते. 'रन'वर ठेवली की आतला प्रोग्रॅम बदलता येत नाही. 'प्रोग्रॅम'वर ठेवली की बदलता येतो. किल्ली 'प्रोग्रॅम'वर राहिली होती. नशीब असं की हल्लेखोरांच्या चुकीमुळे कंट्रोलरनं प्रकल्प बंद पाडला आणि प्रकरण उघडकीला आलं. बनवणाऱ्यानं बघणं आणि बदलणं वेगळं केलं होतं. वापरणाऱ्यानं ते पुन्हा एक केलं. म्हणून दोष सगळा डबीच्या माथी मारणंही बरोबर नाही.

तिसरा प्रश्न. डबी आंधळी झाली तर?

२३ डिसेंबर २०१५. युक्रेन. तीन वीज-वितरण कंपन्यांच्या नियंत्रण-कक्षात बाहेरचे लोक शिरले. पडद्यावरचा बाण आपोआप फिरतोय आणि उपकेंद्रांचे ब्रेकर एकेक करून उघडतायत, हे ऑपरेटर समोर बसून बघत होते. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. याची चर्चा खूप झाली. पण त्यातला एक तपशील आपल्या विषयाचा आहे. हल्लेखोरांनी उपकेंद्रांमधल्या सिरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टरांचं, म्हणजे आपल्या या डबीचंच, फर्मवेअर पुसून त्यावर कचरा लिहिला. का? ब्रेकर उघडल्यावर ते दुरून पुन्हा जोडता येऊ नयेत म्हणून. एवढ्याशा प्रोसेसरचं महत्त्व त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळलं होतं.

तरीही काही तासांत वीज परत आली. कशी? माणसं गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी हातानं ब्रेकर जोडले. अलिक्विपातही तेच झालं, पंप हातानं चालवले. दोन्हीकडे वाचवलं ते जुन्या हँडलनं आणि ते कसं फिरवायचं हे माहीत असलेल्या माणसानं.

आता आपल्याकडे बघा. नवीन पॅनेल बनवताना खर्च कमी करायचा म्हटलं की पहिली कात्री कशावर? ऑटो-मॅन्युअलच्या सिलेक्टर स्विचवर. 'स्क्रीनवरून होतंय की सगळं, स्विच कशाला?' आणि मग हातानं पंप चालवणारा शिफ्टचा जुना माणूस निवृत्त होतो, त्याच्या जागी कुणी घेत नाही. या डबीनं माणूस कमी होतो, असं विकताना सांगतात. खरं आहे, होतो. पण तो कोणत्या दिवशी लागणार आहे, ते माहितीपत्रकात नसतं.

मग डबी फेकून द्यायची का? मुळीच नाही. पहाटे तीनला कॉम्प्रेसर तापलाय हे ती सांगते तेव्हा एखाद्याचं बोट, एखाद्याचा हंगाम वाचतो. ती घ्यावी. पण घेताना विकणाऱ्याला एवढं विचारावं. खालचं यंत्र गप्प झालं तर काय दाखवणार? समोर तार ओढून दाखवा. लिहिण्याची सोय बंद करता येते का? बंद करा आणि लिहून दाखवा बरं. पासवर्ड पहिल्या दिवशी बदलायला भाग पाडते का? आणि हिचा सप्लाय काढला तर पंप हातानं चालू होतो का? चारही गोष्टी पंधरा मिनिटांत पॅनेलपाशी उभं राहून तपासता येतात. ज्याला तपासू देत नाहीत, ते घेऊ नका.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय : 'मॉडबसची नवी सुरक्षित आवृत्ती आली आहे ना? मग हा वाद जुना नाही का झाला?'

आली आहे, २०१८ मध्ये. बोलणारा कोण, हे प्रमाणपत्रावरून ती तपासते, आणि कुणाला काय करायची मुभा आहे हेही ठरवता येतं. चांगली गोष्ट आहे, तिचं स्वागतच करायला हवं. पण पॅनेलमधली डबी एकदा बसली की चालते तोवर कुणी बदलत नाही. आज बसलेली डबी तुमचा मुलगा कामाला लागेल तेव्हाही तिथंच असेल. शिवाय प्रमाणपत्रांची मुदत संपते, ती वेळेवर नवी करायला माणूस लागतो. आणि शेवटचं म्हणजे, 'कोण लिहितंय?' या प्रश्नाचं उत्तर ती आवृत्ती देईल. 'इथं लिहायची गरजच आहे का?' हा प्रश्न मात्र तुम्हालाच विचारावा लागेल, डबी विकत घेण्याआधी.